वस्तरा धरावा, दाबू नये

रोज सकाळी आरशासमोर उभे राहून उरकायची दाढी हे बहुतेक पुरुषांच्या लेखी किरकोळ काम असते. चहा आणि आंघोळ यांच्या मधल्या पाच मिनिटांत ते होऊन जाते. ज्यांची त्वचा नाजूक आहे, त्यांना मात्र ही पाच मिनिटे दिवसभर पुरतात. शर्टाची कॉलर घासली की मानेची आग होते, हनुवटीखाली लाल पुरळ उठते आणि पुरळ बसले तरी काळपट डाग मागे राहतो. नवनवीन रेझर, महागडी क्रीम आणि गारवा देणारी लोशने वापरून थकलेल्या अशा पुरुषांपैकी काही जण आता आजोबांच्या काळातील वस्तऱ्याकडे वळू लागले आहेत. 'एकच पाते, म्हणून त्रास कमी' हा त्यांचा युक्तिवाद सरळ वाटतो आणि तो अर्धा खराही आहे. उरलेला अर्धा भाग हाताच्या सवयीवर अवलंबून असतो. ही सवय अंगी बाणवण्यापूर्वीच घाई केली, तर आग आणि पुरळ यांच्या जोडीला जखमाही होतात.

त्वचा का चिडते?

दाढी करताना पाते केवळ केस कापत नाही. त्वचेच्या सर्वांत वरचा मृत पेशींचा पातळ थरही ते थोडाफार खरवडते. हा थर शरीरातील ओलावा आत राखतो आणि बाहेरच्या त्रासदायक गोष्टी बाहेर ठेवतो. एकाच जागेवरून पाते जितक्या वेळा फिरेल आणि जितक्या जोराने दाबले जाईल, तितका हा थर विरतो. मग साधा साबण किंवा घामही झोंबू लागतो.

दुसरा त्रास उलट वळणाऱ्या केसांचा. कुरळ्या व राठ केसांचे टोक कापल्यानंतर अणकुचीदार होते आणि वाढताना वळून पुन्हा त्वचेत घुसते. शरीर त्याला काटा रुतल्यासारखा प्रतिसाद देते व तिथे फोड येतो. वैद्यकीय परिभाषेत या विकाराला 'स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी' म्हणतात. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण बरेच आढळते. परंतु दाट व वळणदार दाढी असलेल्या भारतीय पुरुषांनाही तो चुकत नाही. गव्हाळ व सावळ्या वर्णाच्या त्वचेत दाह शमल्यावर डाग उरतो आणि तो फिका पडायला अनेक महिने लागू शकतात.

गेल्या शतकात दाढीच्या यंत्रांचा प्रवास एकाच दिशेने झाला. किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ साली अमेरिकेत बदलत्या पात्याच्या रेझरचे पेटंट मिळाले. १९७१ मध्ये दोन पात्यांचा, १९९८ मध्ये तीन पात्यांचा आणि २००६ मध्ये पाच पात्यांचा रेझर त्याच कंपनीने बाजारात आणला. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पुढचे पाते केस किंचित वर ओढते आणि मागचे तो आणखी खाली कापते. केस मागे सरकला की त्याचे टोक त्वचेच्या पातळीखाली जाते. गुळगुळीतपणाचे रहस्य हेच आणि ज्यांचे केस आत वळतात त्यांच्या तक्रारीचे एक कारणही हेच. अर्थात सगळा दोष पात्यांच्या संख्येवर टाकणे योग्य नाही. कोरड्या गालावर घाईघाईने दाबून फिरवलेले एकच पातेही तितकाच त्रास देते.

वस्तरा काय देतो?

वस्तऱ्याला एकच धार असते आणि ती उघडी असते. रेझरच्या पात्याभोवती असणारे संरक्षक कडे येथे नाही. त्यामुळे कोन किती ठेवायचा आणि भार किती द्यायचा, हे पूर्णपणे हाताच्या ताब्यात येते. नाजूक त्वचेच्या दृष्टीने वस्तऱ्याचा मोठा लाभ हाच. चांगली धार लावलेला वस्तरा स्वतःच्या वजनानेच केस कापतो. हाताने केवळ दिशा द्यायची असते. शिवाय उघड्या धारेचा धाक असल्याने माणूस मुकाट्याने सावकाश दाढी करतो.

मात्र वस्तरा हे औषध नव्हे. त्याने दाढी केली की पुरळ नाहीसे होईल, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. उलट्या दिशेने दोनदा-तीनदा वस्तरा फिरवून काचेसारखा गुळगुळीत गाल मिळवण्याचा हट्ट धरला, तर पाच पात्यांच्या रेझरचा त्रास एका पात्यानेही ओढवून घेता येतो. संध्याकाळी गालावर किंचित खुंट हाताला लागले तरी चालतील, ही तडजोड ज्याला मान्य आहे, त्यालाच वस्तऱ्याचा खरा फायदा होतो.

कोणी थांबावे?

चेहऱ्यावर पिकलेले मुरूम, नागीण, चामखिळी किंवा बुरशीचा संसर्ग असताना वस्तरा हाती घेऊ नये. चपट्या चामखिळींचा विषाणू पात्याबरोबर शेजारच्या त्वचेवर पसरतो. लहानशा जखमेचाही जाड वण होण्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, मधुमेह आटोक्यात नसणाऱ्यांनी आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनसारखे औषध सुरू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हात थरथरत असेल तर हा नाद न केलेलाच बरा. ज्यांचे केस वारंवार आत वळून गाठी होतात, त्यांच्यासाठी काही काळ दाढी वाढवणे किंवा ट्रिमरने केस जरा लांब राखणे हाच अनेकदा उत्तम उपाय ठरतो.

निवड कशी करावी?

वस्तऱ्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला पारंपरिक, अखंड पोलादी पात्याचा. त्याला पट्ट्यावर परजावे लागते आणि अधूनमधून दगडावर धार लावावी लागते. जर्मनीतील झोलिंगेन, इंग्लंडमधील शेफिल्ड आणि फ्रान्समधील तिएर ही गावे या कारागिरीसाठी नावाजलेली आहेत. दुसरा प्रकार आपल्याकडील केशकर्तनालयांत सर्रास दिसणारा. त्यात साध्या दुधारी ब्लेडचा अर्धा तुकडा बसवतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर तो टाकून देतात.

दुसरा प्रकार स्वस्त आहे, त्याला परजण्याची कटकट नाही आणि स्वच्छतेच्या दृष्टीनेही तो सोयीचा. तथापि नवशिक्याला तो सोपा जाईल हा समज फसवा आहे. हे पाते अत्यंत तीक्ष्ण आणि वजनाला हलके असते. त्यामुळे हात नकळत दाब देऊ लागतो आणि चूक लगेच रक्ताने दिसते. पारंपरिक वस्तऱ्याची धार तुलनेने मऊ लागते व त्याचे वजन हाताला आधार देते. हौस टिकेल की नाही याची खात्री नसेल, तर अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यावर काहीशे रुपयांत अजमावून पाहणे शहाणपणाचे. फक्त ते अधिक सावधपणे करावे. अखंड पात्याच्या चांगल्या वस्तऱ्यासाठी कित्येक हजार रुपये मोजावे लागतात.

अखंड पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. पाच-अष्टमांश किंवा सहा-अष्टमांश इंच रुंदीचे पाते शिकाऱ्याला पेलते. पात्याचे टोक गोलाकार असलेले घ्यावे. चौकोनी टोक नाकाखाली व कानाजवळ हमखास टोचते. नवा वस्तरा दाढीयोग्य धार लावूनच मिळतो असे नाही, म्हणून विकत घेतानाच विचारणा करावी. बोथट वस्तरा कमी धोक्याचा, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो केस कापण्याऐवजी ओढतो, हात दाब वाढवतो आणि त्वचा सोलवटते.

पट्टा आणि धार

केस मऊ आणि पाते पोलादी, मग धार जाते तरी कशी? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी या प्रश्नाचा मागोवा घेऊन २०२० साली 'सायन्स' नियतकालिकात निष्कर्ष मांडले. दाढीचे पाते केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असते. तरीही केस वाकून पात्याला विशिष्ट कोनात भिडला, तर धारेच्या सूक्ष्म कमकुवत जागी तडा जाऊन बारीक टवके उडतात. केस पाण्याने मऊ करणे आणि पाते स्थिर कोनात फिरवणे हे त्वचेप्रमाणे धारेच्याही हिताचे आहे, ते यामुळेच.

प्रत्येक दाढीपूर्वी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजावा. त्याने पोलाद झिजत नाही म्हटले तरी चालेल. धारेची कड सरळ व गुळगुळीत होते. पाते पट्ट्यावर सपाट ठेवावे, पाठ पुढे आणि धार मागे अशा रीतीने सरकवावे. टोकाला पोहोचल्यावर पाते पाठीवर उलटवून परत आणावे. धारेवर उलटवले तर पट्टा कापला जातो आणि धारही बिघडते. सुरुवातीला वेगापेक्षा सपाटपणाकडे लक्ष द्यावे. तीस-चाळीस फेऱ्या पुरेशा होतात. दगडावर धार लावण्याची पाळी मात्र काही महिन्यांनी येते आणि ते काम पहिल्या वर्षी तरी जाणकाराकडून करून घ्यावे.

'बिनपाण्याची' नको

एखाद्याची खरडपट्टी काढणे याला मराठीत 'बिनपाण्याने हजामत करणे' म्हणतात. हा वाक्प्रचार ज्या अनुभवातून आला, तो नाजूक त्वचेच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कोरडा केस राठ व चिवट असतो. दोन-तीन मिनिटे कोमट पाणी मुरले की तो फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो.

इथे आपल्याकडील परिपाठ थोडा आड येतो. अनेक घरांत आधी दाढी आणि मग आंघोळ असाच क्रम असतो. क्षौरानंतर स्नान केल्याशिवाय इतर कामांना हात लावायचा नाही, अशी जुनी शिस्त आहे. त्वचेच्या दृष्टीने उलटा क्रम अधिक सोयीचा. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही आंघोळीनंतर लगेच दाढी करण्याचा सल्ला देते. ज्यांना क्रम बदलायचा नसेल त्यांनी सौम्य साबणाने चेहरा धुऊन, गरम पाण्यात पिळलेला रुमाल तीन मिनिटे दाढीवर धरावा. पाणी सोसवेल इतपतच गरम असावे. कढत पाण्याने त्वचा आणखी कोरडी पडते.

साबण किंवा क्रीम शक्यतो सुगंधविरहित निवडावे. नवे उत्पादन थेट चेहऱ्याला लावण्याऐवजी कोपराच्या आतल्या बाजूस काही दिवस लावून पाहावे. ब्रशने गोल फिरवत दाट, ओलसर फेस करावा. फुगे दिसणारा कोरडा फेस दिसायला भरघोस असला तरी पात्याखाली टिकत नाही. बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाला फेस कमी येतो. अशा वेळी पिण्याचे गाळलेले वाटीभर पाणी वापरून पाहण्यास हरकत नाही. मात्र साध्या गाळणीने पाण्याचा जडपणा जात नाही, हे ध्यानात ठेवावे. तेवढ्याने फेस सुधारला नाही, तर क्रीमची मात्रा वाढवावी.

हात कसा चालावा?

वस्तरा पूर्ण उघडून मूठ वरच्या बाजूस वळवावी. पात्यालगतच्या मानेवर तीन बोटे, खालून अंगठा आणि शेपटीवर करंगळी अशी पकड ठेवावी. पात्याची पाठ त्वचेपासून किंचित उचलावी, इतकी की त्वचा आणि पाते यांत सुमारे ३० अंशांचा कोन होईल. कोन फार वाढला तर पाते त्वचेत रुतते, फार कमी झाला तर केस ओढले जातात.

मोकळ्या हाताने त्वचा ताणून धरावी, पण सपाट होण्यापुरतीच. फार ताणली तर केस जास्त खोल कापला जातो आणि सोडल्यावर त्वचेखाली दडतो. आत वळणाऱ्या केसांना हेच निमंत्रण. एका वेळी दोन-अडीच सेंटिमीटरचाच फटका घ्यावा आणि पाते धुवावे. वस्तरा धारेच्या रेषेत आडवा कधीही सरकू देऊ नये. विळीवर टोमॅटो नुसता टेकवला तर साल तग धरते. जरा ओढला की क्षणात चिरतो. त्वचेचेही तसेच होते.

केसांची दिशा ओळखणे ही सर्वांत महत्त्वाची पायरी. दोन दिवसांच्या वाढीवर बोटे फिरवून पाहावीत. ज्या दिशेला हात मऊ सरकतो, ती वाढीची दिशा. गालांवर केस बहुधा खाली वाढतात. मानेवर मात्र ते आडवे, वर किंवा भोवऱ्यासारखेही असतात. मानेची आग होण्यामागे अनेकदा हेच कारण असते. माणूस सरसकट वरून खाली किंवा खालून वर पाते ओढतो आणि नकळत निम्म्या भागात 'उलटा हात' मारतो. नाजूक त्वचेसाठी नियम एकच: सुलट दिशेने एक हात आणि तेवढ्यावर समाधान. एखादी जागा राहिलीच, तर पुन्हा फेस लावूनच तिथे पाते न्यावे.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात वस्तरा चेहऱ्याला लावूच नये. पट्ट्यावर परजण्याचा सराव करावा आणि फुगवलेल्या फुग्यावर फेस लावून तो न फोडता काढून पाहावा. हाताचा भार किती कमी हवा, हे फुगा चांगले शिकवतो. दुसऱ्या आठवड्यात केवळ दोन्ही गालांवर, कानशिलापासून जबड्यापर्यंत वस्तरा वापरावा आणि बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने करावी. तिसऱ्या आठवड्यात मानेचा सपाट भाग घ्यावा. हनुवटी आणि मिशीची जागा सर्वांत अवघड. ती चौथ्या आठवड्यापर्यंत राखून ठेवावी.

या काळात एक दिवसाआड दाढी करणे उत्तम. दिवसाला जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर वाढणाऱ्या केसांसाठी रोज त्वचा खरवडण्याची सर्वांनाच गरज नसते. विशिष्ट वारी दाढी न करणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या त्वचेला अनायासे अशी विश्रांती मिळत असे. ऑफिसला जाण्याच्या गडबडीत वस्तरा हाती घेऊ नये. सुट्टीची सकाळ आणि निवांत अर्धा तास हाती असावा. चांगला उजेड असावा, जमीन कोरडी असावी, स्नानगृहाचे दार बंद असावे. वस्तरा हातून निसटला तर तो झेलण्याचा प्रयत्न करू नये. बाजूला होऊन खाली पडू द्यावा. पात्याचे नुकसान परवडते, बोटाचे परवडत नाही.

दाढीनंतर

थंड पाण्याने चेहरा धुऊन टॉवेलने टिपावा, पुसू नये. अल्कोहोलयुक्त आफ्टरशेव्ह झोंबते, तेव्हा ते 'काम करते' असे वाटते. नाजूक त्वचेला मात्र ते कोरडे करते. त्याऐवजी साधे, सुगंधविरहित मॉइश्चरायझर लावावे. तुरटी रक्त थांबवण्यास उपयोगी पडते. पण ती सर्व चेहऱ्यावर रोज घासल्यास त्वचा ओढल्यासारखी होते. कापलेल्या जागेपुरती ती लावावी आणि मिनिटभराने धुऊन टाकावी. खोल जखम झाल्यास स्वच्छ कापड दहा मिनिटे न उचलता दाबून धरावे आणि तरीही रक्त वाहत राहिले, तर डॉक्टरांकडे जावे.

वस्तरा धुऊन, काळजीपूर्वक टिपून, कोरड्या जागी ठेवावा. कोकण किनाऱ्यावरील व मुंबईच्या दमट हवेत कार्बन पोलादाला पाहता पाहता गंज चढतो. पावसाळ्यात पात्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा आणि पुढच्या दाढीपूर्वी तो साबणाने धुऊन टाकावा.

वस्तरा एकाचाच

भारतात १९८६ साली एचआयव्हीचा संसर्ग प्रथम आढळला. पुढे जनजागृती वाढली, तशी केशकर्तनालयांत प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे ब्लेड वापरण्याची पद्धत रुळली. तीच दक्षता घरातही हवी. दाढी करताना डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि पात्यावर रक्ताचा अंश राहू शकतो. हेपटायटिस 'बी'चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. त्यामुळे वडील-मुलांनी किंवा भावाभावांनी एकच वस्तरा वापरणे टाळावे. तुरटीचा खडाही ज्याचा त्याने ठेवावा. केशकर्तनालयात बसल्यावर ब्लेड डोळ्यांदेखत नवे लावायला सांगण्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

निकाल कशावरून ठरवावा?

महिनाभराच्या सरावानंतर गाल किती गुळगुळीत झाला हे पाहू नये. दाढीनंतरच्या दुसऱ्या दिवशी मान कशी दिसते ते पाहावे. लाली लवकर ओसरत असेल, नवे फोड येत नसतील, तर हात योग्य वळणावर आहे. त्रास तसाच असेल, तर आधी फेऱ्या आणि दाब कमी करून पाहावे. त्यानंतरही पुरळ, पू किंवा गाठी राहिल्या, तर वस्तरा मिटून ठेवावा आणि त्वचारोगतज्ज्ञांना गाठावे. ज्यांना वस्तरा मानवत नाही, त्यांनाही या सरावातून मिळालेले धडे वाया जात नाहीत. भरपूर पाणी, सुलट दिशा, हलका हात आणि एकच फेरी ही पथ्ये साध्या रेझरलाही तितकीच लागू पडतात. आणि ती पाळल्यावर अनेकांची मूळ तक्रार यंत्र न बदलताही बरीच कमी होऊ शकते.